सुदाम रोकड्यांचं दुसरं उत्तर

सुदाम रोकडे रात्रपाळी मागून घ्यायचा. अंबरनाथच्या आनंदनगरात रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता. बाकीचे लोक रात्रपाळी चुकवायला मुलांची आजारपणं पुढे करायचे, आणि हा माणूस आपणहून सुपरवायझरकडे जाऊन म्हणायचा, "साहेब, माझी रात्रच राहू द्या." सुपरवायझर श्यामकांत त्याला चिडवायचा, "रोकडे, लग्न झालंय ना तुझं?" सुदाम नुसता हसायचा.

सकाळी घरी आला की अंघोळ करून, जेवून तो खिडकीखाली सतरंजी टाकायचा. पडदा ओढायचा नाही, ऊन तोंडावर येऊ द्यायचा. त्या उन्हात त्याला झोप लागायची, पण पाण्याखाली हातभर खोलीवर पोहावं तशी, वरचं सगळं ऐकू येणारी. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक, बायको गयाबाईचं शेजारणीशी चाललेलं बोलणं, सगळं झिरपत आत यायचं आणि त्याच्या स्वप्नात मिसळायचं. भंगारवाला होडी वल्हवत नदीतून जायचा. गयाबाई शेतात उभी राहून शिट्टी वाजवायची आणि बगळे उडायचे. अशी कित्येक वर्षं त्याने दिवसाउजेडी स्वप्नं बघत काढली. गयाबाई लोकांना सांगायची, "आमचे हे जागे असले तरी निम्मे तिकडेच असतात."

निवृत्त झाला आणि रात्र त्याच्या वाट्याला आली. बदलापूर पूर्वेला चौथ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मुलगा धम्मदीप, सून आणि नात वैष्णवी पलीकडच्याच रस्त्याला वेगळे राहायचे. अंधार पडला की सुदामला अंथरुणावर पाठ टेकवत नसे. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि पहाटे डोंगरावरून धुकं उतरायला लागलं की मग त्याचे डोळे मिटत.

माणूस धिप्पाड, कमी बोलणारा. हॉटेलात बसला तर भिंतीला पाठ लावून बसणार. न्हाव्याने कटिंग झाल्यावर मान दाबायला हात ठेवला की झटकन उठणार. गयाबाईला या खोडी पाठ झाल्या होत्या आणि तिने त्यांना स्वभाव हे नाव देऊन टाकलं होतं.

एकच गोष्ट तिला स्वभावात बसवता आली नव्हती. धम्मदीपला बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण कॉलेज लांब, घाटावर होतं आणि हॉस्टेलला राहावं लागणार होतं. सुदामने एका शब्दात सांगितलं, नाही. धम्मदीप रडला, त्याने जेवण सोडलं, मामा समजवायला आला. सुदाम भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. शेवटी धम्मदीप जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. झाला आणि आनंदनगरातच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं कामापुरतंच. सणाला यायचं, जेवायचं, जायचं.

मग सुदामला शुगर निघाली. कुणीतरी सांगितलं, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका संस्थेचा दवाखाना आहे, डॉक्टरीण चांगली आहे, नीट तपासते. डॉक्टर राजसी म्हणून. सुदाम तिथे जायला लागला.

दवाखान्याचा हॉल म्हणजे एका जुन्या बराकीची लांबोडी खोली. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यांतून तिरपं यायचं आणि त्यात शेजारच्या शिलाईच्या कारखान्यातला जीन्सचा निळा भुसा तरंगत राहायचा. बाकांवर सगळ्या तऱ्हेची माणसं. पावडर लावलेल्या सिंधी मावश्या, वर्कशॉपमधली हाताला ग्रीस लागलेली पोरं, बारवीकडच्या वाडीवरून जीप करून आलेल्या बायका. पंख्याच्या आवाजात सुदामला तिथे पेंग यायची.

त्या दिवशी त्याला जाग आली ती एका कुरकुरीने. शेजारी वाडीवरचा देऊ नावाचा माणूस बसला होता. त्याची बायको पुतळी पोट दुखतं म्हणून आली होती, आणि तिला एकटीलाच आतल्या छोट्या खोलीत नेलं होतं.

"मला भायेर बसवला," देऊ म्हणाला. "माझ्या बायकोला काय इचारायचाय ता माझ्यासमोर इचारा ना."

समोरची सिंधी मावशी म्हणाली, "भाई, सबको अकेले बुलाते हैं. मेरे को भी बुलाया, मेरी बहू को भी अलग से. टेन्शन मत लो."

पुतळी बाहेर आली. पदर तोंडाशी धरून ती सरळ नळाकडे गेली आणि तिने तोंड धुतलं. मग देऊला आत बोलावलं. तो थोड्या वेळाने बाहेर आला तो गोंधळलेला.

"मलापन तेच इचारला," तो सुदामला म्हणाला. "बाप्यामानसाला असा कोन इचारतो?"

काय विचारलं हे त्याने सांगितलं नाही. पुढचं नाव सुदामचं होतं.

आतल्या खोलीत भावना बसली होती. तिशीतली, साधी सुती साडी नेसलेली. दवाखान्यात समुपदेशक म्हणून ती नवीनच लागली होती. तिने आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, पायाला मुंग्या येतात का ते विचारलं. मग हात टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, आता एक प्रश्न. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो विचारतो. बाई असो, पुरुष असो, म्हातारं माणूस असो. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या मनाविरुद्ध कुणी तुमच्या अंगाशी काही केलं, हात लावला, किंवा तुम्हाला हात लावायला भाग पाडलं, असं कधी झालंय का? अगदी लहानपणी सुद्धा?"

सुदामला वाटलं, खोलीतलं ऊन थोडं पांढरं झालं. पंख्याचा आवाज लांब गेला.

"छे," तो म्हणाला. "मी पुरुष आहे, मॅडम."

"पुरुषांनाही विचारतो, काका."

"नाही. तसलं काही नाही."

"बरं," भावना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "पुढे कधीही काही बोलावंसं वाटलं तर मी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. नंबर न लावता सरळ या."

बाहेर पडल्यावर तो स्टेशनकडे वळायचं सोडून भलत्याच गल्लीत शिरला. दुतर्फा शिलाईची यंत्रं घरघरत होती, दारादारांत कापलेल्या निळ्या कापडाचे ढीग पडले होते, आणि त्या निळाईतून चालताना आपले पाय जमिनीला लागत नाहीत असं त्याला वाटत होतं. कुणीतरी "ओ चाचा, साइड" म्हणून हातगाडी पुढे काढली. तो बाजूला झाला आणि तिथेच एका ओट्यावर बसला.

त्याच्या डोळ्यांसमोर व्हरांडा आला. चुना दिलेला, लांब, दोन्ही बाजूंना सारखीच दारं असलेला.

सुदामचं गाव मुरबाडच्या पलीकडे. वडील हरिचंद्र भाताच्या गिरणीत हमाली करायचे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वेळी हरिचंद्र तरुण होते, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपल्या घरातला पोरगा शिकला पाहिजे. सुदाम हुशार होता. चौथी झाल्यावर वडिलांनी त्याला तालुक्याच्या गावी वसतिगृहात घातलं. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ते त्याच्याबरोबर चालत गेले. निघताना त्यांनी वसतिगृहाच्या गृहपालापुढे हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमच्या स्वाधीन."

पुढचं जे होतं त्याला सुदामकडे शब्द नव्हते. गृहपाल त्याला पाय चेपायला बोलवायचा, असं तो फार तर स्वतःशी म्हणायचा, आणि तिथे थांबायचा. त्या खोलीत कौलांमध्ये एक काच बसवलेली होती. गृहपालाचा हात खांद्यावर पडला की तो लहान सुदाम त्या काचेतून वर निघून जायचा. वर गावची नदी असायची, बांधावर आई असायची, बगळे असायचे. खाली जे चाललं होतं ते दुसऱ्याच कुणा मुलाचं असायचं. वर जायला तो तिथेच शिकला, आणि मग ती सवय कधी सुटली नाही.

आठवीत तो पळाला. घरी न जाता अंबरनाथला मावशीकडे आला आणि कारखान्यात लागला. हरिचंद्र त्याला न्यायला आले होते. "का सोडलीस शाळा?" त्यांनी विचारलं. सुदाम म्हणाला, "डोक्यात जात नाही." वडील ओट्यावर बराच वेळ बसले. मग उठून, चहा न घेता, गेले. पुढे कितीतरी वर्षं जगले, पण शाळेचा विषय त्यांनी परत काढला नाही. पोराला शिक्षण नको होतं, हे मनात घेऊनच ते वारले.

निळ्या गल्लीतल्या ओट्यावर बसून सुदामला कळलं की इतक्या आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. "का सोडलीस" हे सगळ्यांनी विचारलं होतं, "काय झालं" हे आज पहिल्यांदा. आणि पहिल्यांदा विचारल्यावर तो खोटं बोलून आला होता.

पुढचे दिवस त्याचे धुक्यात गेल्यासारखे गेले. भाजी आणायला जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. गयाबाई म्हणाली, "गोळ्या बदलल्या का तुमच्या?" तो म्हणाला, "नाही." त्या "नाही"नेही तो दचकला.

मग एका शुक्रवारी तो उल्हासनगरला गेला. नंबर लावला नाही. भावनाने त्याला पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, त्या दिवशी मी उत्तर चुकीचं दिलं," सुदाम म्हणाला.

"बसा, काका." तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "बोलायच्या आधी एक सांगते. आज कुठल्या लहान मुलाला धोका आहे असं कळलं, तर मला ते पुढे सांगावं लागतं. कायदाच आहे तसा. बाकी काही या खोलीच्या बाहेर जात नाही."

"तो माणूस मेला कधीच," सुदाम म्हणाला. "वसतिगृहही राहिलं नाही. तिथे आता लग्नाचा हॉल झालाय."

आणि तो बोलायला लागला. वाक्य अर्धवट सुटायचं, मग तो खिडकीकडे बघायचा. शेवटी तो टेबलावर मूठ ठेवून म्हणाला, "मी एवढा दांडगा माणूस. बॉयलरचा व्हॉल्व एका हाताने फिरवायचो. त्याला नुसता ढकलला असता तर पडला असता. मी ढकलला का नाही?"

भावनाने विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही केवढे होता?"

"पाचवीत."

"उंचीने?"

सुदामने बसल्या बसल्या हात जमिनीपासून वर नेला आणि थांबवला. हात बसलेल्या सुदामच्या हनुवटीशी राहिला. त्याने त्या हाताकडे पाहिलं. त्याखाली जेवढी जागा होती तेवढीच त्याची तेव्हाची उंची. इतकी वर्षं तो स्वतःला त्या खोलीत आजच्या अंगापिंडाने बघत आला होता, आणि आज हाताखाली तेवढंसं पोर उभं होतं, तेल लावलेल्या केसांचं. सुदाम हात खाली घेईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं, भावनाने उठून सांगितलं, "जरा थांबा."

त्यानंतर तो बरेच शुक्रवार जात राहिला. डॉक्टर राजसींनी त्याला झोपेसाठी मानसोपचाराच्या एका डॉक्टरांकडेही पाठवलं. एकदा तो हॉलमध्ये बसला असताना पुतळी आली होती. आता तिचं पोट बरं असावं, चेहरा निवळला होता. दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसले. तिने आत काय सांगितलं होतं ते सुदामला ठाऊक नव्हतं, त्याचं तिला नव्हतं.

गयाबाईला सांगायचं कुठे, हे त्याला सुचत नव्हतं. घरात भिंती ऐकतील असं वाटायचं. मग एका संध्याकाळी तो तिला उल्हास नदीवर फिरायला घेऊन गेला. पाणी संथ होतं, पलीकडच्या काठाची झाडं त्यात उलटी उभी होती, आणि सगळं एकाच राखाडी-गुलाबी रंगात विरघळत चाललं होतं. त्याने नदीकडे बघत सांगून टाकलं. थोडक्यातच सांगितलं.

गयाबाईने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यात काही कमी आहे."

"तुझ्यात?"

"लग्न झाल्यापासून. तुम्ही रात्रपाळी मागून घेता हे मला श्यामकांतभाऊजींच्या बायकोने सांगितलं होतं. मी तेव्हा नवीन होते. रात्री घरात एकटी बसून मी आरशात बघायचे, काय वाईट आहे म्हणून."

सुदामने मान खाली घातली. गयाबाईने त्याच्या हाताकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"धरू का?" तिने विचारलं.

"धर," तो म्हणाला.

धम्मदीपला सांगणं इतकं सोपं गेलं नाही. रविवारी तो एकटाच आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि उठून उभा राहिला. "हे तेव्हा का नाही सांगितलंत, बाबा? मी काय समजलो असेन तुम्हाला? माझं अख्खं करिअर गेलं. मी तुमच्याशी बोलणं सोडलं!" त्याचा आवाज चढला, मग फुटला. "आणि तुम्ही मला बोलणं सोडू दिलंत." पाणीसुद्धा न पिता तो निघून गेला. सुदाम गॅलरीत उभा राहून खाली त्याची मोटरसायकल वळेपर्यंत बघत राहिला. त्याचे वडीलही असेच, चहा न घेता गेले होते.

त्या आठवड्यात एका दुपारी सुदामच्या स्वप्नात हरिचंद्र आले. भाताच्या खाचरात वाकून रोपं उपटत होते. सुदाम बांधावर उभा होता, म्हातारा, हातात औषधांची पिशवी. तो म्हणाला, "बाबा, शाळा मला आवडायची." हरिचंद्रांनी मान वर केली, हात धुतले, आणि बांधावर बसून शेजारी त्याच्यापुरती जागा केली. जागा झाल्यावर सुदामने गयाबाईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बसलात का मग?" त्याला आठवेना. पण त्या दिवशी त्याने आपणहून दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

धम्मदीपने महिनाभर फोन केला नाही. मग एका सकाळी येऊन दारात उभा राहिला. वैष्णवीची कबड्डीच्या शिबिरासाठी निवड झाली होती, आणि आठवडाभर बाहेरगावी राहायचं होतं.

"मला रात्रभर झोप नाही, बाबा," तो म्हणाला. "पाठवू की नको? आता कळतंय मला, तुम्ही तेव्हा कसे बसला असाल ते."

सुदामने त्याला आत घेऊन बसवलं. "पाठव," तो म्हणाला. "तिला आवडतं ना? मग पाठव. फक्त तिच्याशी मला बोलू दे."

वैष्णवी संध्याकाळी आली. बारा वर्षांची, ढोपरांवर खरचटलेली. सुदामने विषय काढला तशी ती म्हणाली, "आजोबा, ते गुड टच, बॅड टच ना? शाळेत सांगितलंय आम्हाला."

"ते शाळेचं झालं," सुदाम म्हणाला. "मी घरचं सांगतो. तिथे कुणी काही केलं, मोठा सर असो नाहीतर मोठी मुलगी असो, आणि तू येऊन सांगितलंस, तर या घरात तुझं खेळणं कुणी बंद करणार नाही. शाळा बंद करणार नाही. तुझ्यावर कुणी चिडणार नाही. तू आधी ते सांगायचं, बाकी सगळं आम्ही बघू. कळलं?"

वैष्णवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. आजोबा एका दमात एवढं बोलल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं. "कळलं," ती म्हणाली.

ती शिबिराला गेली आणि आठवड्याने उन्हाने काळी होऊन परत आली. जेवण भंगार होतं, एक मुलगी झोपेत रडायची, आणि कोचने तिला दोन नवे डाव शिकवले होते, असं सगळं ती एका श्वासात सांगत सुटली. सुदामने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग सरळ विचारलं, "कुणी काही त्रास दिला नाही ना?"

"नाही, आजोबा. दिला असता तर सांगितलं असतं." मग ती त्याचा शर्ट ओढायला लागली. "चला ना खाली, तुम्हाला डाव दाखवते. पप्पा, तुम्हीपण या. पकडायला दोघं लागतात."

इमारतीखाली पार्किंगमध्ये ऊन उतरलं होतं. तिने खडूने रेघ मारली. "साखळी धरा," ती ओरडली. "हात सोडायचा नाही हां!" सुदाम आणि धम्मदीप रेघेपलीकडे उभे राहिले. धम्मदीपने एकदा बापाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. सुदामने तो धरला, आणि वैष्णवी दम घेऊन आत शिरली.